स्केचसाठीची साठवणूक भरली तेव्हा: माझा अनुभव

पी-फाइव्ह जेएस (कोड लिहून चित्रे आणि आवाज साकारण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरून मी पावसाचे एक स्केच, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, करत होतो आणि ज्या संकेतस्थळावर ते साठवत होतो, तिथे एका रात्री नवी फाइल चढवताना जागा शिल्लक नसल्याचा संदेश आला. जुनी स्केचेस पुसायला हात धजावेना, म्हणून आधी प्रत्येक फाइलचा आकार तपासला.

सगळा कोड मिळून ४० केबीसुद्धा नव्हता. जागा व्यापली होती ती आमच्या गॅलरीत उभे राहून रेकॉर्ड केलेल्या पावसाच्या आवाजाने. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट आणि स्टिरिओ अशा वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, आणि माझी फाइल तीन मिनिटांची होती. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यातला २० सेकंदांचा तुकडा कापला, मोनो केला आणि ६४ केबीपीएसच्या एमपी३मध्ये काढला, तेव्हा ३० एमबीच्या जागी जेमतेम १६० केबी लागले.

मात्र तो तुकडा लूपमध्ये वाजवला की सांध्यावर पाऊस क्षणभर थांबल्यासारखा वाटे, कारण एमपी३ तयार होताना आरंभी आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. त्यामुळे एक प्रत संपण्याआधी दोन सेकंद दुसरी हळूहळू सुरू केली; मग पाऊस सलग ऐकू आला आणि मला फार समाधान वाटले.

स्केचमधला ४००० × ३००० पिक्सेलचा फोटोही कॅनव्हासच्या, म्हणजे स्केच जिथे दिसते त्या चौकटीच्या, ८०० × ६०० मापाला आणला. मूळ फाइली पेनड्राइव्हवर जपून ठेवल्या आहेत, कारण एमपी३मध्ये गमावलेले बारकावे परत मिळत नाहीत.