स्मरणशक्तीची गोळी लागू पडत नाही? आधी औषधांचा डबा उपडा करा: या चुका टाळा

नौपाड्यात काय किंवा नेरुळमध्ये काय, ज्येष्ठांच्या घरात औषधांचा एक डबा असतोच. वर डोनेपेझिल ही स्मरणशक्तीची गोळी, बीपी-शुगरच्या गोळ्या. तळाशी कधीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या, खाजेच्या, पोटदुखीच्या अर्ध्या पट्ट्या. घोटाळा बऱ्याचदा तळाशीच असतो.

नवी गोष्ट मनात ठसायची तर ॲसिटिलकोलिन हे रसायन मेंदूच्या हिप्पोकॅम्पस आणि कॉर्टेक्स या भागांतल्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या जागांवर, जाऊन बसावं लागतं. ग्राही दोन जातींचे. निकोटिनिक ग्राही मिलिसेकंदांत उघडतात. मस्कारिनिक संथ, त्यांचे एम१ ते एम५ असे पाच प्रकार, आणि स्मृतीसाठी एम१ फार मोलाचा. १९७४ साली ड्रॅकमन आणि लेव्हिट या संशोधकांनी निरोगी तरुणांना स्कोपोलामिन हे औषध देऊन मस्कारिनिक ग्राही अडवले, तेव्हा त्यांची स्मृती वृद्धांसारखी अडखळू लागली. नवं साठवणं जास्त बिघडतं, जुनं आठवणं कमी. महाशिवरात्रीला ठाण्यात कौपिनेश्वराच्या शिवमंदिरात वाहतात त्या धोतऱ्यातही स्कोपोलामिन असतं. बिया पोटात गेल्या की तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळतो.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. डोनेपेझिल नवं ॲसिटिलकोलिन तयार करत नाही, असलेलं लवकर मोडू देत नाही. पण सोबत क्लोरफेनिरामिन (सर्दीसाठी), हायड्रॉक्सिझिन (खाजेसाठी), अमिट्रिप्टिलिन (नैराश्यासाठी), डायसायक्लोमिन (पोटदुखीसाठी) किंवा ऑक्सिब्युटिनिन (लघवीच्या घाईसाठी) चालू असेल तर मस्कारिनिक ग्राहीच अडलेले असतात. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं. याची एक साखळी ओळखून ठेवा: डोनेपेझिलमुळे कधी लघवीची घाई वाढते, त्यावर ऑक्सिब्युटिनिन सुरू होतं, आणि महिन्याभरात घरचे म्हणतात, ‘आजार वाढला.’

ब्रँडच्या नावावरून काही कळणार नाही. पट्टीच्या मागचा बारीक अक्षरातला घटक वाचा. तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, लघवी अडणं आणि दोन-चार दिवसांत वाढलेला गोंधळ एकत्र दिसले, तर या गोळ्यांवर संशय घ्या. मात्र काहीही मनाने बंद करू नका. अमिट्रिप्टिलिन एकदम सोडल्यास वेगळाच त्रास होतो. सिरप आणि चूर्णांसकट सगळा डबा डॉक्टरांपुढे ठेवा आणि नेमकं विचारा: ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडिन चालेल का? ते मेंदूत फारसं शिरत नाही. लघवीच्या घाईसाठी मिराबेग्रॉन चालेल का? ते या ग्राहींच्या वाटेला जात नाही.

आठ दिवसांत फरक दिसावा, ही अपेक्षाही चुकीची. डोनेपेझिल साधारणपणे ५ मिग्रॅने रात्री सुरू करतात आणि ४ ते ६ आठवड्यांनी गरजेप्रमाणे १० मिग्रॅ करतात. मळमळ, जुलाब सुरुवातीला होऊ शकतात. विचित्र स्वप्नं पडू लागली तर गोळी सकाळी घेण्याबद्दल विचारा. चक्कर येऊन पडणं किंवा नाडी मंद होणं याला मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवा.

रिवास्टिग्मिन हे स्मरणशक्तीचं दुसरं औषध, कातडीवर चिकटवायच्या पॅचमधूनही मिळतं. त्यात घातक चूक एकच: जुना न काढता नवा लावणं. अंगावर दोन-तीन पॅच राहिले तर मात्रा तितक्या पट होते. उलट्या सुटतात, हृदयाची गती खाली जाते. जुना काढून, घडी घालून टाका, मगच नवा. लावण्याआधी त्यावर बॉलपेनने वार लिहा. दर २४ तासांनी ठरलेल्या वेळी बदला आणि त्याच जागेवर १४ दिवस परत लावू नका. ठाण्याच्या दमट हवेत पॅच सुटतो तो घामाने, पण आंघोळीनंतरच्या टाल्कम पावडरीने आणि खोबरेल तेलानेही. कातडी कोरडी, साधी ठेवा. पाठीवर लावून तळहाताने ३० सेकंद दाबून धरा. ओढून काढायची सवय असलेल्या माणसाचा हात पाठीवर पोचत नाही. पॅच गळून पडला तर उरलेल्या दिवसापुरता नवा लावा आणि पुढचा नेहमीच्या वेळीच बदला. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर जुन्या मात्रेवर थेट परतू नका. डॉक्टर पुन्हा ४.६ मिग्रॅच्या पॅचपासून सुरुवात करतील.