गणिताचं उत्तर कितपत खरं, हे इंटरव्हल आणि अचूक डॉट प्रॉडक्टने कसं तपासावं

संगणकाला सांगा: १०चा २०वा घात घे, त्यात १२३४ मिळव, मग १०चा २०वा घात वजा कर. नेहमीच्या डबल प्रकारात (दशांश संख्या ६४ बिटांत साठवायची रीत) उत्तर येतं शून्य. १२३४ गेले कुठे? डबलच्या मुख्य भागात ५३च बिट असतात. एवढ्या मोठ्या आकड्यापाशी शेजारच्या दोन संख्यांमध्येच १६,३८४चं अंतर पडतं. आणि संगणक याबद्दल चकार शब्द काढत नाही.

१. एका आकड्याऐवजी दोन कडा धरा; खरं उत्तर ज्यांच्या मध्ये आहे अशा या जोडीला इंटरव्हल म्हणतात. लांबी [४.९, ५.१], रुंदी [२.९, ३.१], तर क्षेत्रफळ [१४.२१, १५.८१]. बेरीज सोपी. वजाबाकीत पहिल्याच्या खालच्या कडेतून दुसऱ्याची वरची कड जाते. नवखे इथे हमखास चुकतात. गुणाकारात चारही जोड्या गुणा आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठा ठेवा: [−२, ३] × [४, ५] म्हणजे [−१०, १५]. भाजकाच्या कडांमध्ये शून्य आलं तर थांबा.

२. कडा बाहेरच्या बाजूला ढकला. प्रत्येक क्रियेनंतर खालची कड खाली, वरची वर. पायथन ३.९पासून त्यासाठी लगतची शेजारची संख्या देणारं नेक्स्टआफ्टर फंक्शन आहे. ही पायरी गाळलीत तर कडांना काही अर्थ नाही.

३. सूत्र नव्याने मांडा. क्ष [०, १] असताना क्ष(१−क्ष) थेट काढलं तर [०, १] येतं; खरा पल्ला [०, ०.२५]. क्ष दोनदा आला, की ते दोन वेगळे क्ष समजले जातात. ०.२५ − (क्ष−०.५)² असं लिहा, पल्ला नेमका मिळतो. मात्र वर्ग हा वर्ग म्हणूनच काढा, [−०.५, ०.५]ला स्वतःशी गुणू नका. मी गुणलं होतं, आणि [०, ०.५] बघत बराच वेळ डोकं खाजवत बसलो.

४. डॉट प्रॉडक्टमध्ये, म्हणजे दोन याद्यांतल्या संख्या जोडीजोडीने गुणून केलेल्या बेरजेत, शेवटी एकदाच पूर्णांकन करा (जादा बिट छाटा). ५३ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार १०६ बिटांत पूर्ण मावतो, म्हणून तो मध्येच छाटायचा नाही. जर्मन गणितज्ञ उलरिश कुलिश यांनी यासाठी लांबलचक संचयक (बेरीज साठवत जाणारी जागा) सुचवला. डबलसाठी तो ४२८८ बिटांचा. घरच्या घरी पायथनचं फ्रॅक्शन, म्हणजे संख्या अचूक अपूर्णांकात ठेवणारा प्रकार, चालेल. ते हळू आहे, पण वरचे १२३४ परत देतं.

खरा उपयोग एकरेषीय समीकरणांत. सुरुवातीपासून सगळीकडे इंटरव्हल घातले तर कडा फुगत जातात. त्यापेक्षा उत्तर साध्या पद्धतीने काढा, ते समीकरणांत घालून उरणारी बाकी अचूक डॉट प्रॉडक्टने मोजा, कारण जवळजवळ सारखे आकडे तिथेच एकमेकांना खातात. मग त्या बाकीवरून उत्तरात करायची दुरुस्ती काढा आणि फक्त तिच्याभोवती इंटरव्हल बांधा.