या चुका टाळा: नुसता शॉवर बदलायचा की अख्खी लाइन?

शॉवरची धार बारीक झाली की आपल्या नागपुरात बरेच जण थेट इतवारी बाजार गाठून नवा शॉवर आणतात, आणि महिनाभरात पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं. काही जण मिस्त्रीला बोलावतात, तो टाइल्सवर दोनदा टकटक करतो आणि "सगळं फोडावं लागेल" म्हणून सांगून जातो. दोन्हीकडे पैसे जातात, कारण पाणी नेमकं कुठं अडतंय हे कुणी पाहिलेलंच नसतं.

शॉवर न उघडताच त्याच्यावर खापर फोडणं

आधी शॉवरचं तोंड काढा आणि भिंतीतून बाहेर येणाऱ्या नुसत्या दांडीतून पाणी सोडून पाहा. धार दणदणीत आली तर दोष तोंडातच आहे, पुढचं काही फोडायची गरज नाही. दांडीतूनही पाणी कमीच येतंय, पण खालच्या नळाला मात्र जोर आहे, तर डायव्हर्टरमध्ये (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या खटक्यात) कचरा अडकलाय किंवा दांडी आतून गंजून अरुंद झालीय. फक्त गरम पाणीच मंद असेल तर गिझरकडे येणारा अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा बंद करायचा नळ), पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा आत साचलेले क्षार तपासा. आणि बाथरूममधले सगळेच नळ रडत असतील तर जिना चढून स्लॅबवर जा. टाकीखालचा व्हॉल्व्ह अर्धवट अडकलेला असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे, आणि तो सोडून लोक खाली बाथरूम फोडत बसतात.

दांडीतून येणारं पाणी 10 लिटरच्या बादलीत घड्याळ लावून मोजा. मिनिटाभरात बादली भरली तर साध्या शॉवरला एवढं पाणी पुरतं. दोन मिनिटं लागत असतील तर मिनिटाला 5 लिटरच येतंय, आणि त्यावर कितीही महाग शॉवर लावला तरी अंगावर थेंबच पडतील.

क्षारानं बुजलेला शॉवर फेकून देणं

बेसा, हुडकेश्वर, नरसाळ्याकडच्या ज्या सोसायट्या बोअरच्या पाण्यावर चालतात, तिथं हे जास्त दिसतं. छिद्रांभोवती पांढरा थर बसतो, चार धारा सरळ येतात, बाकीच्या भिंतीवर उडतात. अशा वेळी व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व घातलेलं कोमट पाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरा, पिशवी शॉवरच्या तोंडाला रबरबँडनं बांधा आणि तासभर ठेवा. मग जुन्या टूथब्रशनं घासा. रबरी छिद्रं असतील तर नुसता अंगठा चोळला तरी क्षार सुटतात. तोंड जिथं दांडीवर बसतं तिथली छोटी जाळी काढून धुवायला विसरू नका, अर्धा कचरा तिथंच असतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड मात्र वापरू नका. क्षार निघतात, पण सोबत क्रोमही निघतं आणि मग खाली पितळ दिसायला लागतं.

टाकीची उंची न पाहता रेन शॉवर घेणं

दुकानात तो मोठा चौकोनी शॉवर फार सुंदर दिसतो, पण दुकानातल्या डेमोला पंप जोडलेला असतो. आपल्याकडे बहुतेक घरांत पाणी स्लॅबवरच्या टाकीतून फक्त उंचीच्या जोरावर येतं. हिशोब सोपा आहे: 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब. वरच्या मजल्यावर टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपेक्षा जेमतेम अडीच-तीन मीटर वर असते, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास. त्याच घरात तळमजल्यावर तो दुप्पट मिळतो. म्हणून एकच मॉडेल खाली आईबाबांकडे मस्त चालतं आणि वर सुनेच्या बाथरूममध्ये नुसतं गळतं. खोक्यावर किमान दाब छापलेला असेल तर तो आपल्या मजल्याशी ताडून पाहा. वरच्या मजल्याला लहान तोंडाचा, कमी दाबावर चालणारा शॉवरच बरा.

प्रेशर पंप हा उपाय आहे, पण तो टाकीच्या पुढच्या लाइनवर बसवायचा, मनपाच्या नळावर कधीच नाही. आणि घरात जुनी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांची) लाइन असेल तर पंप लावायच्या आधी ती बदला. गंजलेल्या पाइपवर दाब वाढला की पाणी शॉवरऐवजी भिंतीतून यायला लागतं.

गिझरचाही विचार करा. 15 लिटरच्या गिझरमधलं 60 अंशांचं पाणी डिसेंबरातल्या थंड पाण्यात मिसळलं की अंघोळीजोगं साधारण 28 लिटर होतं. मिनिटाला 12 लिटर ओतणाऱ्या रेन शॉवरखाली ते अडीच मिनिटांतच संपतं.

जुनी दांडी एका झटक्यात फिरवणं

माझ्या मावशीचं प्रतापनगरला जुनं घर आहे. तिथं प्लंबरनं गंजलेली दांडी पाइपपान्यानं जोरात ओढली, दांडी हातात आली आणि आटे भिंतीच्या आत एल्बोतच (पाइपाच्या वळणाच्या जोडात) राहिले. नुसता शॉवर बदलायला निघालेलं काम दोन टाइल्स फोडण्यापर्यंत गेलं, आणि त्या डिझाइनच्या टाइल्स आता कुठेच मिळत नाहीत. तोंड बदलताना दांडी एका पान्यानं धरून ठेवा, दुसऱ्यानं तोंड फिरवा. दांडीला हात लावायचाच असेल तर आधी सांध्यात गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. नवं तोंड लावताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनंच गुंडाळा आणि प्लास्टिकचं तोंड हातानंच आवळा, पान्यानं आवळलं की चिरतं.

मग फोडायचं कधी?

पाणी सकाळी पहिल्यांदा सोडल्यावर तांबूस येतं, भिंतीला ओल आहे, खालच्या घराच्या छताला डाग पडलाय, किंवा दोन-तीन वर्षांत तिसऱ्यांदा गळती निघालीय, तर शॉवर बदलून काही होणार नाही. तिथं लाइन सीपीव्हीसीत (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपात) करून घ्या आणि वॉटरप्रूफिंगही सोबतच उरका. भिंत धड असेल पण वॉल मिक्सरच (गरम-थंड पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ) जुना झाला असेल, तर मधला मार्ग आहे: बाहेरचा मिक्सर बदला, दांडीऐवजी हँड शॉवर लावा. माझ्या मते बहुतेक घरांना एवढंच पुरतं. म्हाताऱ्या माणसांना स्टुलावर बसून अंघोळ करायला हँड शॉवरच सोयीचा.

कन्सिल्ड, म्हणजे भिंतीत लपवलेला, डायव्हर्टर घेताना भिंतीतली बॉडी आणि बाहेरचा भाग एकाच कंपनीचा, एकाच मालिकेचा घ्या, दुसऱ्याचा बसत नाही. टाइल्स लावायच्या आधी लाइनला दाब देऊन तपासा आणि उघड्या पाइपांचे फोटो मोजपट्टी धरून काढून ठेवा. स्लॅबवरून उघड्यावर जाणारा सीपीव्हीसी रंगवा किंवा झाका, आपल्या उन्हात तो ठिसूळ होतो.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणीतलं पाणी जायचं तोंड बुजवून 48 तास पाणी साठवून ठेवायला लावा, आणि त्या दोन दिवसांत खालच्या काकूंकडे जाऊन त्यांचं छत स्वतः पाहून या.