थर्मामीटर कुणाच्या खिशात? (ल्युकेमिया, बेसबॉल आणि कॉलेजची तयारी)

अमेरिकेतल्या ज्या मराठी आईबापांचं पोर ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मेंटेनन्सवर, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्यावर, आहे आणि ऑगस्टअखेर कॉलेजला निघालंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. सांगलीत टेनिस बॉलवर क्रिकेट खेळलेला आणि आता मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरजवळ राहणारा एक बाप आहे. पोरगा अकरावीत असताना एएलएल, म्हणजे ल्युकेमियाचा एक प्रकार, निघाला. शाळेच्या बेसबॉल टीममध्ये तो सेकंड बेसला खेळायचा.

आमच्या घरात "काउंट किती?" या प्रश्नाला दोन अर्थ आहेत. टीव्ही चालू असेल तर बॉल आणि स्ट्राइक, क्लिनिकच्या दिवशी एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा. तो 500 च्या खाली गेला की गर्दीत जायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मैदानावर जायला किती हवा, हा आकडा आपापल्या डॉक्टरांना विचारायचा. पण विचारायचा पोराने. वर्षभर ते काम मीच करत होतो. डॉक्टर पोराकडे बघून बोलायचे आणि उत्तर मी द्यायचो. हे थांबवायला मॅचचा उपयोग होतो, कारण तिथे जायची घाई त्याला असते, आपल्याला नाही.

पहिली मॅच फेनवेला, म्हणजे बोस्टनच्या रेड सॉक्स टीमच्या मैदानावर, नको. तिथे 37 हजार माणसं मावतात, जिने अरुंद आणि बाथरूमला रांगा. रेड सॉक्सची ट्रिपल-ए (मुख्य लीगच्या एक पायरी खालची) टीम 2021 पासून वूस्टरच्या पोलर पार्कला खेळते, तिथे फेनवेच्या चौथाई माणसं. तुमच्या गावाजवळही एखादी मायनर लीग टीम असेलच. मंगळवार-बुधवारचं तिकीट काढा, रांगेच्या टोकाची खुर्ची घ्या आणि जाळीमागेच बसा. प्लेटलेट कमी असताना फाउल बॉलचा फटका म्हणजे नुसतं टेंगूळ नव्हे. शक्यतो सावली बघा. केमोचं मेथोट्रेक्सेट आणि इन्फेक्शन टाळायला शनिवार-रविवारी घ्यायची बॅक्ट्रिम, दोन्हींमुळे कातडी चटकन भाजते. तव्यावरून थेट आलेला वाफाळता हॉटडॉग चालतो. उघड्या भांड्यातला चिरलेला कांदा आणि मशीनचं मऊ आइस्क्रीम आम्ही टाळतो. स्टेरॉइडच्या पाच दिवसांत तिकीट काढूच नका. काढलंत तर तीन हॉटडॉग आणि एका भांडणाची तयारी ठेवा.

थर्मामीटर मात्र त्याच्या खिशात. हे मी एका जूनमध्ये पोलर पार्कला शिकलो. सहाव्या इनिंगला पोरगा गप्प झाला, हुडी घालून बसला. ताप 100.6. मी सवयीने टायलेनॉल, म्हणजे तापाची गोळी, शोधायला लागलो. तो म्हणाला, "बाबा, आधी फोन." बरोबर होतं त्याचं. 100.4 च्या वर ताप गेला की आधी ऑन्कॉलॉजीच्या ऑन-कॉल नंबरला फोन, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय तापाची गोळी नाही, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. पेशी कमी असताना तासाभराचा उशीरही महागात पडतो. इमर्जन्सीत पोचलो तेव्हा फोनमुळे त्यांना आधीच कळलं होतं, आणि पोर्टमधून (औषध द्यायला छातीत कातडीखाली बसवलेल्या डबीतून) अँटिबायोटिक लगेच सुरू झालं. फोन त्याने केला होता. औषधांची यादी, पोर्ट कुठल्या बाजूला, शेवटचा काउंट, सगळं त्याने सांगितलं. मी गाडी चालवत होतो.

आता खेळायचं काय? छातीत पोर्ट असेल तर मॅच खेळायची की नाही, हे सर्वस्वी डॉक्टर ठरवतील. आमच्याकडे बराच काळ "नाही" होतं. विन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने बोटं बधिर होतात, पाऊल नीट उचललं जात नाही. शर्टाचं बटण लावता येईना, तिथे बॉलची शिवण कशी कळणार? मग माझं सांगलीचं शिक्षण कामी आलं. अंगणात टेनिस बॉल, दहा पावलांवरून, वीस फेक, बस्स. फिजिओथेरपिस्टलाही पटलं. गुडघा किंवा खुबा दुखला तर मात्र "खेळून दुखत असेल" म्हणून सोडू नका. या वयातल्या मुलांच्या हाडांना स्टेरॉइडचा त्रास होऊ शकतो, तेव्हा सांगायचंच.

टीमपासून तो तुटला नाही, कारण कोचने त्याच्या हातात स्कोअरबुक दिलं. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला क्रमांक असतो, सहा-चार-तीन म्हणजे बॉल शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसकडे, तिथून फर्स्टला. स्ट्राइकआउट म्हणजे के, आणि बॅट न फिरवता बघत उभा राहून बाद झाला तर उलटा के. केमोच्या खुर्चीत बसून त्याने मला हे शिकवलं. क्रिकेटची स्कोअरबुकं भरलेला माणूस मी, तरी पहिल्या महिन्यात माझं पान म्हणजे कोंबडीने पाय ओढल्यासारखं दिसायचं.

दर गुरुवारी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेताना तो कुरकुरायचा, तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगायचो. 1947 च्या सुमाराला याच बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक आम्लाला अडवणारी औषधं देऊन बघत होते. ती औषधं बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून आलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच्या हातातली गोळी त्याच घराण्यातली. 1948 मध्ये फार्बर यांच्या एका बारा वर्षांच्या पेशंटच्या खोलीतून रेडिओ कार्यक्रम झाला. बोस्टन ब्रेव्ह्ज या तेव्हाच्या बेसबॉल टीमचे खेळाडू त्याला भेटायला आले. मॅच बघायला त्याला टीव्ही हवा होता, आणि त्यासाठी लोकांनी पाठवलेल्या पैशांतून जिमी फंड हा मुलांच्या कॅन्सरसाठीचा निधी उभा राहिला. पोरगा म्हणाला, "म्हणजे टीव्हीसाठी होय!" पुढच्या गुरुवारी कुरकुर होतीच.

कॉलेजचं काम फेब्रुवारीतच सुरू करा. अठरावा वाढदिवस झाला की कायद्याने पोर मोठं. रिपोर्ट बघायचं आमचं क्लिनिकचं ऑनलाइन पोर्टल त्याच दिवशी माझ्यासाठी बंद झालं आणि मी क्लिनिकला फोन करून उगाच आरडाओरडा केला. त्याआधी हेल्थ केअर प्रॉक्सी (पोर स्वतः ठरवू शकत नसेल तेव्हा उपचाराचे निर्णय कोणी घ्यायचे, याचा कागद) आणि माहिती देण्याच्या परवानगीचा फॉर्म भरून ठेवा. सही त्याची, वाचून केलेली.

शाळेत 504 प्लॅन, म्हणजे आजारामुळे मिळणाऱ्या सवलतींची लेखी योजना, असेल तर तो कॉलेजला आपोआप जात नाही. तिथे डिसॅबिलिटी ऑफिसला विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करायचा, सोबत ऑन्कॉलॉजिस्टचं पत्र. आम्ही तीन गोष्टी मागितल्या: बाथरूम शक्य तितक्या कमी मुलांबरोबर, पाचाऐवजी तीन विषय घेऊनही पूर्णवेळ विद्यार्थ्याचा दर्जा, आणि काउंट पडल्यावर घरून वर्ग. दर्जाचं उत्तर लेखी घ्या. स्कॉलरशिप आणि विमा त्यावर अडकलेले असू शकतात. आईबापांच्या विम्यावर 26 वर्षांपर्यंत राहता येतं, पण कॉलेजच्या गावातलं इमर्जन्सी नेटवर्कमध्ये आहे का, ते बघा. लसींच्या फॉर्मवर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या असतील. या जिवंत लसी, केमो चालू असताना देत नाहीत. सूट मिळायला डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि तेही वेळेत.

सिक्स-एमपीच्या (रोजच्या केमोच्या) गोळ्यांना कुलुपाची डबी हवी. रूममेटने हात लावायचा नाही. दारूचा विषय टाळू नका. आमच्याकडे तो नर्सने काढला, यकृताचे रिपोर्ट समोर ठेवून. मी काढला असता तर भाषण झालं असतं.

होस्टेलवर सामान लावायच्या दिवशी मी टेबलाचा दिवा बसवत होतो. पोराने पलंगाशेजारी पोलर पार्कचं ते स्कोअरकार्ड चिकटवलं. सहाव्या इनिंगपर्यंत भरलेलं, पुढे कोरं. मिनेसोटाहून आलेला रूममेट जवळ जाऊन बघत होता. "हे अर्धवट का?"

"ताप आला," पोरगा म्हणाला. "मला ल्युकेमिया आहे, औषधं चालू आहेत. ताप आला की मी लगेच फोन करतो. मी झोपलेला असलो आणि अंग तापलेलं वाटलं तर मला उठव. थर्मामीटर वरच्या खणात आहे."

रूममेटने वरचा खण उघडून बघितला, बंद केला. मग विचारलं, "पुढे जिंकले का?"

"हरले. मी आयव्ही लावून फोनवर ऐकलं. कंटाळवाणी मॅच होती."

माझा स्क्रू बसला होता, तरी मी आणखी दोन आटे फिरवत राहिलो.