देवमासा, वाटाणे आणि माझं वाया गेलेलं पाठांतर

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षी झोपेतून उठवलं असतं तरी सजीवांच्या वर्गीकरणाच्या या पायऱ्या मी घडाघडा म्हणून दाखवल्या असत्या. तोंडी परीक्षेत समोर समुद्रघोड्याची बरणी आली, "हा कोणत्या गटातला?" असं विचारलं आणि माझी बोबडी वळली. तो मासा आहे. कल्ले आहेत, पर आहेत, सगळं समोर दिसत होतं. मी मात्र नावातल्या घोड्यावरच अडकून बसलो.

तेव्हापासून नावांवर विसंबणं सोडलं. देवमासा सस्तन, तारामासा कंटकचर्मी (काटेरी कातडीच्या प्राण्यांतला), खवल्या मांजर हे मांजरच नव्हे. एखादं लक्षण दिसलं की एवढंच विचारायचं: हे पूर्वजाकडून आलंय की राहणीमुळे? देवमाशाचा माशासारखा आकार पाण्यात राहण्यातून घडला, पण फुप्फुसं आणि पिलाला दूध पाजणं हा सस्तन पूर्वजांचा वारसा. वर्गीकरण वारशावर चालतं. पुस्तकात वर्गीकरण आणि आनुवंशिकता हे वेगळे धडे असतात, म्हणून मी दोन वेगळ्या वह्या केल्या होत्या. तुम्ही एकच करा.

शब्दांचा एक सापळा आधीच सांगून ठेवतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रजाती म्हणजे जीनस (जवळच्या जातींचा गट) आणि जाती म्हणजे स्पीशीज. हिंदीत 'प्रजाति' स्पीशीजसाठी वापरतात, आणि मराठी बातम्यांतही तो घोळ सर्रास दिसतो. हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करत असाल तर सांभाळा. व्हिटाकर या शास्त्रज्ञाच्या 1969 च्या पाच सृष्टी (सजीवांचे सगळ्यात मोठे गट) मात्र सरळ पाठ करून टाका, त्यात फार डोकं घालवू नका.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला वेळ द्या. त्याच्या वाटाण्यांच्या दुसऱ्या पिढीत प्रभावी (संकरात दिसणारं) आणि अप्रभावी (संकरात झाकलं जाणारं) लक्षण 3:1 प्रमाणात दिसतं, हे सगळ्यांना येतं, पण त्याने मोजलेले आकडे फार थोडे जण बघतात. दुसऱ्या पिढीत 5,474 गोल बिया आणि 1,850 सुरकुतलेल्या, म्हणजे 2.96:1. उंच झाडं 787, बुटकी 277, म्हणजे 2.84:1. तंतोतंत तीन कुठेच नाही! दोन नाणी म्हणजे आई-वडील आणि काटा म्हणजे अप्रभावी जनुक (लक्षण ठरवणारा घटक) असं धरा; ती एकत्र वीस वेळा उडवून दोन्ही काटे किती वेळा पडतात ते मोजा, मग दोनशे वेळा. 'चार अपत्यांपैकी एक अप्रभावी असणारच' ही समजूत तिथेच गळून पडते.

'प्रभावी' म्हणजे 'जास्त आढळणारं' असंही मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. हाताला सहावं बोट असणं बऱ्याचदा प्रभावी जनुकामुळे होतं, तरी अशी माणसं विरळाच. उलट ओ रक्तगट अप्रभावी, आणि तो किती जणांचा असतो!

विविधतेसाठी एकच आकडा पुरतो. माणसात गुणसूत्रांच्या (जनुकं वाहणाऱ्या धाग्यांच्या) 23 जोड्या. प्रत्येक जोडीतलं कोणतंही एक युग्मकात (शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत) जातं, म्हणजे 2 चा 23 वा घात, 83,88,608 प्रकारची युग्मकं शक्य. क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) आणि उत्परिवर्तन (जनुकात अचानक होणारा बदल) यात धरलेलंच नाही.

गणितं सोडवताना माझे सर्वाधिक गुण गेले ते पनेट चौकोनात, म्हणजे पालकांची युग्मकं कडेला मांडून अपत्यांच्या शक्यता काढायच्या तक्त्यात. युग्मकात जनुकांच्या जोडीतलं एकच अक्षर जातं, मी दोन्ही लिहायचो. आधी युग्मकं गोलात लिहून घ्या, मगच चौकोन आखा.