फोन बिघडला की ओएसला शिव्या घालताय? या चुका टाळा

घरात कोणाचाही फोन अडला की तो माझ्याकडे येतो आणि सोबत एक वाक्य ठरलेलं असतं, "अँड्रॉइड आहे ना, असंच होणार", नाहीतर मग "एवढे पैसे घालून आयफोन घेतला तरी हेच". अहो पण बिघडलेली असते बॅटरी, नाहीतर स्क्रीन, नाहीतर बोर्डावरचा एखादा सोल्डर (पार्ट जोडणारा धातूचा टाका), आणि त्या सोल्डरला काय माहीत वर कुठली ओएस, म्हणजे अँड्रॉइड किंवा आयओएससारखी फोन चालवणारी सिस्टीम, चालतेय. पहिली चूक हीच, आणि हिच्यामुळे पुढच्या सगळ्या होतात.

२०१५ मधला एलजीचा जी४ आणि त्याच वर्षीचा नेक्सस ५एक्स आठवतात का? एकावर एलजीची स्वतःची सजावट, दुसऱ्यावर गुगलचं साधं अँड्रॉइड, पण दोन्ही बनवले एलजीने आणि दोन्हीचा आजार सेम, लोगो येतो, बंद होतो, परत लोगो येतो. लोक बिचारे रीसेटवर रीसेट मारत बसले. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये एलजीनेच जी४ बद्दल कबूल केलं की आतल्या पार्ट्सचं कनेक्शन लूज पडतंय. आता दुसरी बाजू बघा, आयफोन ६ प्लसमध्ये स्क्रीनच्या वरच्या भागात राखाडी पट्टा थरथरायचा आणि टच मरायचा, लोक नवीन फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि टचचा अख्खा जोड, टाकून यायचे आणि थोड्या दिवसांनी परत तेच, कारण दोष फोल्डरमध्ये नव्हताच, बोर्डावरच्या टच आयसीत, म्हणजे टच सांभाळणाऱ्या चिपमध्ये होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲपलला त्यासाठी वेगळा रिपेअर प्रोग्रॅम काढावा लागला. त्यामुळे सेकंडहँड घेताना "अँड्रॉइड टिकतं का" असं विचारू नका, त्या एका मॉडेलचं नाव टाकून तक्रारी शोधा.

दुसरी चूक म्हणजे अपडेटनंतर काही झालं की अपडेटलाच धरायचं. कधीकधी खरंच त्याचीच चूक असते. पण डिस्प्लेवर हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ आली ना, तर एक सोपी टेस्ट करा, स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या फोनवर पाठवा. तिथे रेघ दिसत नसेल तर ती रेघ डिस्प्लेची आहे, सॉफ्टवेअरची नाही, आणि कितीही रीसेट मारा ती जाणार नाही. मग दुकानात जाण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, कारण या रेघेसाठी भारतात काही कंपन्यांनी काही मॉडेल्सना वॉरंटी संपल्यावरसुद्धा फुकट स्क्रीन बदलून दिल्यात, आणि एकदा बाहेर फोन खोलला की तो मार्ग बहुतेक बंद.

आता बॅटरी, इथे जरा थांबू, कारण निम्मी भांडणं हिच्यावरूनच असतात. फोन ३०-४० टक्क्यांवर फटकन बंद पडतो, विशेषतः फ्लॅश मारून फोटो काढताना किंवा गेम चालू करताना, आणि चार्जर लावला की मस्त चालतो, तर बॅटरी म्हातारी झाली समजा. तिला एकदम जास्त करंट देणं जमत नाही, व्होल्टेज खाली जातं आणि फोन जीव सोडतो. ॲपलने आयओएस १०.२.१ मध्ये हे टाळायला जुन्या बॅटरीचे फोन मुद्दाम हळू केले होते, डिसेंबर २०१७ मध्ये ते मान्य केलं तेव्हा केवढा गोंधळ झाला, पण त्यानंतरच सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ (नव्याच्या तुलनेत बॅटरीची किती टक्के क्षमता उरली) दिसायला लागली. तिथे ८० टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर आधी बॅटरी बदला, नवीन फोनचं नंतर बघू. अँड्रॉइडमध्ये हा आकडा सगळ्यांकडे एका जागी मिळत नाही, हा मात्र माझा जुना राग आहे. आणि मागचं कव्हर किंवा स्क्रीन फुगून वर आली असेल तर टेस्ट वगैरे काही नको, चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, सरळ सर्व्हिस सेंटर.

रीसेट शेवटी करायचं. आधी बॅकअप, मग अँड्रॉइड असेल तर सेफ मोड, म्हणजे आपण टाकलेली ॲप्स बंद ठेवून फोन चालू करणं (बऱ्याच फोनमध्ये पॉवर ऑफचा पर्याय दाबून धरला की येतो). सेफ मोडमध्ये नीट चालला तर एखादं ॲप गुन्हेगार आहे, तिथेही हँग होत असेल तर मग हार्डवेअरचा संशय घ्या. आयफोनला असा सेफ मोड नाही, तो लोगोवर अडकला तर कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरी मोडमध्ये (अडकलेला फोन दुरुस्त करायचा मोड) आधी 'अपडेट' निवडा, 'रिस्टोर' नको, रिस्टोरमध्ये सगळा डेटा जातो.

पाण्याचं. मी स्वतः एकदा पावसात भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात घातला होता, फोन काही वाळला नाही पण पोर्टात तांदळाची पीठी जाऊन बसली, ती काढायला वेगळे पैसे गेले. आयपी६८ (पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून निवांत राहू नका, ती टेस्ट नव्या फोनवर साध्या पाण्यात होते, सील वापरून वापरून सैल पडू शकतात, आणि पाण्याने बिघडलेला फोन साधारणपणे वॉरंटीत बसतच नाही. भिजला की बंद करा, पोर्ट खाली धरून हळू झटका, पंख्यासमोर ठेवा आणि ओला असताना चार्जर लावू नका.

बाइकवाल्यांनो, हँडलच्या माउंटवर फोन लावून रोज फिरताय का? ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की मोठ्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं, आणि तसलीच यंत्रणा बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येपण असते. कॅमेरा उघडला की चित्र थरथरतं, आतून बारीक गुणगुण येते, तर कॅमेरा ॲप दहा वेळा टाकून काढू नका, कॅमेऱ्याचा पार्टच गेलाय.

केबल लूज बसते म्हणून चार्जिंग स्ट्रिप (चार्जिंग पोर्टाचा आतला पार्ट) बदलायला निघालेल्यांनी आधी फोन बंद करून लाकडी टूथपिकने पोर्ट हलक्या हाताने साफ करून बघा, खिशातला कचरा निघतो, माझ्या काकूंच्या फोनमधून तर कचऱ्याची अख्खी गोळी निघाली होती.