पावसाळ्यात देशी रोपे पिवळी पडून मरतात? बेलापूरच्या अंगणातील माझा अनुभव

आमच्या अंगणात लावलेली कुडा, अडुळसा आणि निर्गुडीची रोपे सलग तीन वर्षे जुलैअखेर पिवळी पडून मुळापासून कुजली. शेणखत वाढवले, निंबोळी पेंड घातली, रोपवाटिका बदलली. उपयोग झाला नाही, आणि दर वेळी मेलेले रोप उपटताना जीव हळहळे.

अखेर मे महिन्यात दोन फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरला. दुसऱ्या सकाळीही निम्मे पाणी तसेच होते, कारण तळाशी बांधकामाच्या राडारोड्याचा घट्ट थर होता. तो पहारीने फोडून तुकडे बाहेर काढले, पाणी उतरते याची पुन्हा खात्री केली आणि मगच खणलेल्या मातीत एक तृतीयांश कंपोस्ट मिसळून जमिनीपेक्षा नऊ इंच उंच वरंबा केला. जूनमध्ये माती खोलवर भिजल्यावर वरंब्याच्या माथ्यावर रोपे लावली. पिशवीत खोड जिथपर्यंत मातीत होते, त्याहून खोल नाही. पाचोळ्याचे तीन इंची आच्छादन खोडापासून चार बोटे दूर ठेवले, कारण खोडाला चिकटलेला ओला पाचोळाही कूज आणतो. सखल कोपऱ्यात मात्र तामणाचे रोप लावले; ज्याचे फूल महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, असे हे ओढ्याकाठचे झाड साचलेले पाणी सहन करते.

दोन पावसाळे उलटले असून कुडा आता कमरेएवढा झाला आहे.